जन्मवजनाचा रकाना

भादव्यातली गोष्ट. आईची साखर पुन्हा बेताल झाली म्हणून तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. नंबर यायला अवकाश होता. आई बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी. पिशवीत जुन्या रिपोर्टांचं भेंडोळं, पाण्याची बाटली आणि चारचौघांत ती कधीच उघडणार नाही असा भाकरीचा डबा. इतक्यात पांढरा कोट घातलेली एक मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. एमडी करत होती, थिसिससाठी शुगरच्या पेशंटांची माहिती गोळा करत होती. वागायला फार चांगली. आईला मावशी म्हणाली, संमतीचा कागद वाचून दाखवला, ‘नको वाटलं तर नाही म्हणा, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही’ हेही सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. शिक्षण किती, शेती किती, घर पत्र्याचं की स्लॅबचं, चूल की गॅस, मिसरी लावता का. आई उत्साहानं सांगत होती. इतक्या बारकाईनं तिची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. ‘घरात आणखी कुणाला शुगर आहे?’ ‘मपल्या भावाला हाय की.’ रकान्यात बरोबरची खूण. ‘जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं, काही माहिती?’ आई खळखळून हसली. ‘मला कोन तोलतंय माय? बहात्तरच्या दुष्काळात मी पोटात व्हते. दुष्काळ सरला अन् मी झाले.’ मुलगीही हसली, आणि जन्मवजनाच्या रकान्यात तिनं पेनानं एक आडवी रेघ मारली.

ती रेघ डोक्यातून जाईना.

तसं पाहिलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. आकडा नाही तिथं रेघच मारायची असते. मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलांनी मनानं आकडे भरले की मीच त्यांना ओरडते. पण आईनं उत्तर दिलं होतं. किलो-ग्रॅममध्ये नव्हे, तरी वजनाबद्दल त्याहून नेमकं आणखी काय सांगता येतं? भावाला साखर आहे हे मात्र एका खुणेत बसलं, कारण त्याला रकाना होता. म्हणजे रोग घराण्यातून आला एवढं कागदावर राहिलं, आणि घराण्यातून रोगाबरोबर आणखी काय काय आलं ते रेघेखाली गेलं.

आधारवर आईची जन्मतारीख १ जून १९७३ आहे. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो; शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख वाटली. आईच्या बाबतीत ती योगायोगानं खरीच्या जवळपास आहे. आजी सांगायची, मिरगाची पहिली सर आली तेव्हा हिची पाचवी झाली होती. आजीचं माहेर-सासर दोन्ही केज तालुक्यात. दोन वर्षं पावसानं हात आखडता घेतला होता आणि १९७२ला त्यानं पाठच फिरवली. ज्वारी पेरलीच नाही, आड आटले, गुरं बाजारात गेली आणि बाजारातूनही परत आली, कारण घेणाराच नव्हता. मग दुष्काळी कामं निघाली. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, आणि सगळ्यांत जास्त खडी. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यात आमची आजी, चार-पाच महिन्यांची पोटुशी असल्यापासून अगदी दिवस भरेपर्यंत. आजोबा घणानं मोठा दगड फोडायचे, आजी हातोडीनं त्याची खडी करायची. खायला रेशनवरची तांबडी मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची, असं आजी हसत सांगायची. पुढं सुकडी आली, कामावर वाटायचं ते पौष्टिक खाणं. ती गोड लागायची म्हणून बाया पदराला बांधून घरच्या पोरांना न्यायच्या. एरवी गरिबाला आधार असतो तो पाल्याचा, तरवटा, कुर्डू, तांदुळजा, पाथरी. त्या वर्षी बांधावर पालाही नव्हता. त्या दुष्काळात सरकारी कामांमुळं फारशी माणसं भुकेनं मेली नाहीत, हे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी वाखाणलंय आणि ते खरंच आहे. आमची आजी मेली नाही, आईही मेली नाही. आजीनं फोडलेल्या खडीचं मात्र दर आठवड्याला माप व्हायचं. मिस्त्री टेप लावायचा, ब्रासमध्ये हिशेब मस्टरवर चढायचा. म्हणजे खडीचं माप सरकारदप्तरी कुठं तरी असेल. त्याच महिन्यांत तिच्या पोटात वाढणाऱ्या लेकराचं कुठंच नाही.

इंग्लंडातल्या हर्टफर्डशर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाची एक आरोग्य निरीक्षक होती. तिनं सुइणींना आणि परिचारिकांना शिस्त लावली, की मूल जन्मलं की ते तोलायचं, वर्षाचं झालं की पुन्हा तोलायचं, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. त्या वह्यांचा पुढं काही उपयोग होईल असं तिला वाटलं असण्याचं कारण नव्हतं. सत्तर-एक वर्षांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर या डॉक्टरला आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्या हाती लागल्या. वहीतली बाळं आता म्हातारी झाली होती, काही गेलीही होती. १९८९ साली बार्करनं दाखवलं की जन्मत: आणि पहिल्या वर्षी वजनानं कमी भरलेले मुलगे पुढं हृदयविकारानं जास्त मेले. पाठोपाठ साखरेचंही तेच निघालं. आधी लोकांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. पोटातले नऊ महिने साठ वर्षांनी हिशेब मागतात, हे मानायला जड जातंच.

मला हेवा वाटतो तो बार्करचा नाही, त्या वह्यांचा वाटतो. ॲमस्टरडॅमचंही तसंच. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि माणशी रोजचं रेशन ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. त्या उपासमारीत पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना शोधून काढलं, साखर पाजून रक्त तपासलं, आणि त्यांच्या शरीराला ती साखर नीट पचवता येत नाही असं आढळलं. २००८ साली त्या उपासमारीत पोटात असलेल्यांच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणाही तपासल्या गेल्या. गर्भ राहण्याच्या सुमारास ज्यांच्या वाट्याला ती भूक आली, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर या खुणा भावंडांपेक्षा कमी होत्या, साठ वर्षं उलटून गेल्यावरही. जनुकाची अक्षरं तीच. फक्त ती किती मोठ्यानं वाचायची, ते बदललेलं. हे सगळं कळलं कारण युद्ध चालू असतानाही तिथल्या रुग्णालयात कुणीतरी बाळं तोलत होतं आणि आकडा लिहून ठेवत होतं. आमचा दुष्काळ त्यांच्या हिवाळ्यापेक्षा लांबला होता. पण आमच्या आज्या घरात बाजेवर बाळंत झाल्या, आणि सुईण ‘हातात मावतंय’ किंवा ‘चांगलं भरलंय’ एवढंच म्हणायची. त्या दुष्काळात पोटात असलेले आमच्या गावातले कितीतरी जण आज पन्नाशीत आहेत, मेडिकलच्या दुकानात रांगेला भेटतात, काटकुळे, रापलेले, आणि पोट तेवढं जरा पुढं आलेले. आमच्या माणसांची साखर आणि तो दुष्काळ यांना मी माझ्या मनानं जोडते. आकडे असते तर कुणी तरी ते नीट जोडून किंवा तोडून दाखवलं असतं.

आई लहान चणीची, बारीक. तिला साखर निघाली तेव्हा गल्लीतल्या बायांनी आधी विश्वासच ठेवला नाही. हा रोग बसून खाणाऱ्यांचा, सुटलेल्या पोटांचा, शहरातल्यांचा. रोज शेतात जाणाऱ्या बाईला कसा होईल? लॅबवाल्याचीच चूक असणार. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर आयुष्य घालवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला, मी तो दर वर्षी वर्गात दाखवते. डावी-उजवीकडं दोन डॉक्टर, एक याज्ञिक आणि एक लंडनचे जॉन युडकिन. दोघंही किडकिडीत, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. मुलं हसतात. मग मी विचारते, ही चरबी आली कधी? वडापाव, दिवाळीचा फराळ, उत्तरं येतात. याज्ञिकांना ती पाळण्यात सापडली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३च्या सुमारास त्यांनी बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, गर्भ राहण्याच्या आधीपासून. गर्भ राहण्याआधी बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची. आमची बाळं सगळ्या अंगानं लहान होती. हातपायांचा स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरची चिमटीत येणारी चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. अंग बारीक, पण आत साय धरलेली. उपासाची सवय झालेल्या शरीरानं सगळं काही कमी केलं, एवढं एक राखून ठेवलं. पुढं पोटभर खायला मिळालं की हेच राखणं महागात पडतं.

त्या खेड्यांतल्या नोंदींत दोन गोष्टी आईला सांगाव्यात अशा होत्या, म्हणून मी सांगितल्या. एक, ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात, त्यांची बाळं वजनाला चांगली होती. दुसरी, ज्या बायकांना गरोदरपणात शेतातली आणि पाण्याची ओढाताण जास्त, त्यांची बाळं लहान. आई शेंगा फोडत होती. म्हणाली, ‘हे सांगायला पुन्याचे डागदर कामून लागतेत? तपल्या आजीला इचारायचं व्हतं.’ खरंय तिचं. आजीला विचारायला मात्र कुणी आलं नव्हतं.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट ठाऊक असते आणि ती एकदा स्वत:ला लावून बघितली की झोप उडते. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्यापर्यंत लाखोंच्या संख्येनं ती तिथं असतात, जन्मानंतर नवीन होत नाहीत. म्हणजे ज्या बीजापासून मी झाले, ते बीज आजी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटातल्या आईच्या पोटात होतं. तिघी एकाच उन्हात. बारावीच्या पुस्तकात हे वाक्य फार साधं आहे, परीक्षेला एका मार्काला येतं. गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची साखर ५.९ आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. मी उपाशी राहिलेली नाही. मी बालवाडीची खिचडी खाल्ली, होस्टेलची मेस खाल्ली, पगार झाल्यावर पनीर खाल्लं. रिपोर्ट हातात घेऊन पहिला विचार आला तो आईबद्दल चिडीचा, आणि तो मावळायच्या आत आजीबद्दल वाईट वाटलं. या दोन्हींत काही अर्थ नाही, पण आले खरे.

आणि इथंच मला या सगळ्या संशोधनाबद्दल थोडी अढीही आहे. बार्कर घ्या, पुणे घ्या, शेवटी बोट जातं ते बाईच्या पोटाकडं. तिनं काय खाल्लं, काय उचललं, तिचं बी-१२ जीवनसत्त्व किती. बी-१२चंच बघा. पुण्याच्या अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांमध्ये ते कमी निघालं, आणि बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर अशा आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्शुलिनला सगळ्यांत कमी दाद देणारी निघाली. हे कळलं ते चांगलंच झालं. पुढं तिथल्याच वयात येणाऱ्या मुलामुलींना आधीपासून बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोगही झाला. पण बी-१२ असतं दुधात, अंड्यात, मटणात. आमच्या घरी तेव्हा म्हैस होती आणि तिचं दूध पहाटेच डेअरीला जायचं. चहापुरतं मागं राहायचं, त्यातही पहिला कप बाप्याचा. डेअरीचा पगार झाला की सोसायटीचा हप्ता जायचा. हा हप्ता कुठल्या रक्ततपासणीत दिसणार? दुधाचा हिशेब सोडून नुसतं बाईचं रक्त तपासलं, की उद्या सासूच म्हणणार, तूच खाल्लं नाहीस, म्हणून पोर असं.

जनुकांचं म्हणावं तर मी त्यांच्या विरोधात नाही, त्यांच्यावरच तर पोट चालतं माझं. टीसीएफ७एल२ नावाचा जनुक आहे. त्याचं एक विशिष्ट रूप अंगात असलं की साखर होण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या लोकांनी पुण्याचेच नमुने घेऊन २००७ साली हे आपल्याकडंही खरं असल्याचं दाखवलं. दीडपट कमी नाही. पण हा जनुक काही १९७३ नंतर खेड्यांत वस्तीला आला नाही. तो आजोबांच्या आजोबांतही असणार, आणि ते साखरेनं गेले नाहीत. दुष्काळ, मग हायब्रीड, मग पाम तेल, मोटारसायकल, रात्रीची मालिका आणि पिकाच्या भावाची काळजी यांतून वाट काढत तो आईपर्यंत पोचला, तेव्हा कुठं तो कामाला लागला.

एका जनुकाचे रोगही असतात, तिथं तरी हिशेब सरळ असावा असं वाटतं. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार, हा माझा आवडता धडा होता. जीएजीच्या जागी जीटीजी, एक अक्षर बदललं, सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, संपलं. नीटला हमखास प्रश्न. एका वर्षी तास संपल्यावर किनवटकडचा एक मुलगा मागं थांबला. त्याच्या धाकट्या बहिणीला तो आजार होता. तिचे हातपाय ठणकायला लागले की आधी वातावरचं औषध, मग भगत, मग तालुका, आणि मग नांदेड. ‘म्याडम, अक्षर तर जन्मभर तेच असतं ना? मग उन्हाळ्यातच जास्त का दुखतं?’ मी सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, फार दमणूक झाली की त्या पेशी वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, आमच्या पाड्यावरचा हातपंप मार्चमध्येच बंद पडतो, ती आईबरोबर खाली ओढ्यावर जाते. एकाच अक्षराच्या रोगातही हातपंप होता. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज मिळाली तर ते झटके कमी होतात. ती गोळी नांदेडला आहे, आणि नांदेडला जायचं म्हणजे घरातल्या दोघांचा रोज बुडतो. तेव्हापासून तो धडा मी भरभर संपवते. मुलांना ते सोयीचंच पडतं.

मराठवाड्यातल्या बायांवर संशोधन झालंच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. झालं, आणि त्यानं जगाचे नियम बदलले. भूम आणि परंडा हे धाराशिवचे तालुके बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७पासून आहेत. देशातली खेड्यांची अशी ती पहिली नोंद. आणि १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. चिठ्ठ्या टाकून गावं चार भागांत वाटली. तीन भागांत वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे आरोग्याची माहिती दिली आणि तपासणी कुठं करून मिळते ते सांगितलं. २००९ साली निकाल छापला. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळं होतो त्या विषाणूची, एकदाच तपासणी झालेल्या ३४ हजार बायांत त्या कॅन्सरनं ३४ मृत्यू, नुसती माहिती दिलेल्या ३१ हजारांत ६४. जगभर आता हीच तपासणी करा म्हणतात, त्यामागं या बाया आहेत.

माझी मोठी मावशी भूमकडं दिलेली. तिला ती गाडी आठवते. ‘पिशवीची तपासणी’ म्हणून गावात दवंडी झाली, बाया लाजत होत्या, सरपंचाची बायको आधी गेली मग बाकीच्या गेल्या. मावशी सांगते तेव्हा त्यात जत्रेचा आनंद असतो. त्या चौथ्या भागातल्या गावांत मात्र ही गाडी आली नाही, आणि त्या ६४ बायांत कुणाच्या मावशा होत्या हे मला विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यावर परदेशात आणि इथंही बरीच टीका झाली. तुलनेला कुणीतरी लागतंच, एरवीही तिथं तपासणी नव्हतीच, हा युक्तिवाद मला डोक्यानं पटतो. पोटातून पटत नाही.

त्याहून मला छळतं ते शेजारच्या बीडचं. तिकडं धाराशिवमध्ये एका साध्या तपासणीनं मरण टळतं हे सिद्ध होत होतं, आणि त्याच सुमारास इकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना खासगी दवाखान्यांत सांगत होते, पांढरं जातंय ना, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ साली सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणींचं वय पस्तिशीच्या आतबाहेर. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवशी खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, आणि डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. अशा बाईला पिशवी काढलेली सोयीची वाटावी यात तिचं काय चुकलं? कॅन्सरची भीती त्या बायांपर्यंत पोचली, तपासणी मात्र पोचली नाही. दोन्ही जिल्ह्यांची सीमा लागून आहे.

मग त्या फॉर्ममध्ये काय लिहायला हवं होतं? मी मनात बरेच रकाने तयार करून पाहिले. तुमची आई गरोदरपणात काय काम करत होती. घरात दूध होतं का, आणि असलं तर कुणी प्यायलं. लग्न कितव्या वर्षी झालं. आईचं सोळाव्या वर्षी झालं. पाणी किती लांबून. कर्ज किती. दवाखान्यात यायला रोज बुडाला का. फॉर्म चार पानांचा झाला असता आणि थिसिस कधीच पुरा झाला नसता, हेही कळतं. शिवाय आईलाच तो नको असता. तिला घराण्याची खूण आवडली होती. घरी येताना बसमध्ये ती मामाला फोनवर सांगत होती, ‘आपल्या रक्तातच हाय म्हनं, आपुन काय करावं?’ आणि तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हलकेपणा होता. डॉक्टर तिला दर वेळी भात कमी करा, चाला, गोड सोडा असं सुनावतात, जणू तिनं चोरून जिलब्या खाल्ल्या. रक्तात आहे म्हटलं की निदान ती गुन्हेगार उरत नाही. दुष्काळ म्हटला असता तर? एकदा म्हणून पाहिलं. ती म्हणाली, ‘मायला नाव ठेवू नको.’ मी नाव ठेवत नव्हते, पण तिच्या कानाला ते तसंच लागलं, आणि मला वाटतं बहुतेक आयांच्या कानाला तसंच लागेल. हे सांगायची रीत अजून आमच्या डॉक्टरांनाही सापडलेली नाही आणि मलाही.

गणपती उठले आणि सोयाबीन काढणीला आलं. वहिनीला सहावा महिना. अंगणवाडीताई महिन्याच्या महिन्याला तिला काट्यावर उभं करते, कार्डावर आकडा टाकते. या महिन्यात भर कमी पडली म्हणून दोनदा बोलून गेली. आमच्याकडं सहावा महिना म्हणजे काही विशेष समजत नाहीत, सातव्यात ओटी भरेपर्यंत बाई रानात असतेच. अण्णांनी रात्री जेवताना हिशेब मांडला, की घरची चौघं लागलो तर पाच दिवसांत उरकेल, गुत्त्याला दिलं तर एकरी एवढे जातील आणि भाव हा असा. आभाळही भरून येत होतं. कुणी काही बोललं नाही. आई भाकरी थापत होती, पाठमोरी. ती म्हणाली, ‘चौघं न्हाई, तिघं धरा.’ अण्णा म्हणाले, तिघांत होत नाही. ‘मंग गुत्त्यानं द्या.’ अण्णांनी भाव पुन्हा सांगितला. आईनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले, म्हैस विकून डोक्यावरचा हप्ता फेडला तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात ते आठवा असं काहीतरी जुनं काढलं, आणि पुढचा अर्धा तास दोघांचं भांडण झालं, त्यात पुण्याचा, खडीचा, कशाचाच उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गुत्तेदाराला फोन लावत होते. दर जास्त सांगतोय म्हणून कुरकुरत होते. वहिनी ओसरीवर बसून मेथी निवडत होती आणि काट्याच्या मागं लागून लागून ताईनं डोकं उठवलंय अशी तक्रार करत होती.